मॅमोची इंदियख

वसुधाताई स्वतःबद्दल बोलताना पुल्लिंगी बोलायच्या. ‘मी येतो’, ‘मी जेवलो’, ‘मी काल लवकर झोपलो’. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका असंच बोलतात, त्यात नवल काही नाही. पण मी पुण्याची, आणि ते बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं ते हॅम्बर्गमध्ये, एल्बे नदीवरच्या फेरीबोटीत. पाऊस तिरपा लागत होता. मागून कुणीतरी फोनवर म्हणालं, “पोचलो की कळवतो गं आक्का,” आणि मी वळून बघितलं तर एक बाई. राखाडी रेनकोट, टोपीतून बाहेर आलेली पांढरी बट आणि कपाळावर अगदी बारीक टिकली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. फोन खिशात टाकत त्या म्हणाल्या, “पुण्याची काय गं तू?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“वळून बघितलीस न्हवं, त्यावरनं.”

वसुधा मगदूम, गाव जयसिंगपूर. नदीपलीकडच्या फिंकेनवेर्डरला विमानांच्या आतल्या भागांचं काम करणारी आमची छोटीशी कंपनी होती. मी तिथे सॉफ्टवेअरमध्ये नवीन लागले होते, आणि त्या बरीच वर्षं माहितीपुस्तिका लिहायच्या विभागात होत्या. आम्ही रोज सकाळी एकाच फेरीने जायचो. बाकी सगळे आत काचेमागे उबेला बसायचे. वसुधाताई मात्र वर, उघड्यावर, कठड्याला धरून उभ्या राहायच्या. मी त्यांच्याशेजारी उभी राहायला लागले, कारण माझ्याशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यांच्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा डबा असायचा. तो पुढे करताना त्या कधीच ‘घे’ म्हणायच्या नाहीत, नुसता उघडून धरायच्या.

आणि त्या पुटपुटायच्या. आधी मला वाटलं स्तोत्र वगैरे असेल. मग एकदा नीट ऐकलं. फेरीत पोलंडचे दोन कामगार चढले, तर ह्या खाली बघून म्हणाल्या, “पोलनख. पोलनी.” इटालियन पर्यटकांचा घोळका आला, तर म्हणाल्या, “इडालख. इडाली.” आणि माझ्याकडे बघून, “इटलीचा एक माणूस असला तर इडालख, जास्त असले की इडाली. ऐकलं की भूक लागतीय बग मला.”

“कुठली भाषा ही?”

“आयरिश. आमच्या ह्यांची. म्हणजे ह्यांची असायला पायजे होती.”

त्यांचे यजमान डोनल आयर्लंडचे. बंदरात जहाजांच्या तपासणीचं काम करायचे. उंच, वाकून चालणारे, फार कमी बोलणारे गृहस्थ. जगात आयरिश नावाची एक वेगळी भाषा आहे, ती इंग्रजीची बोली वगैरे नाही, हेही मला वसुधाताईंकडूनच कळलं. ते सगळं प्रकरण त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, एल्बेच्या वाऱ्यावर, शेंगदाणे खात.

डोनलची आई, तिला सगळे मॅमो, म्हणजे आजी, म्हणायचे, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातली. तिथे घरी-दारी आयरिशच बोलायचे. लग्न होऊन ती शहरात आली, आणि मुलांशी एक अक्षर आयरिश बोलली नाही. मुलं इंग्रजीत वाढली. शाळेत आयरिश सक्तीचं होतं, त्यात डोनल कसेबसे पास व्हायचे. पुढे म्हातारपणी मॅमोला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ती उठली, बोलायला लागली, पण इंग्रजी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा आधी जाते. तिच्याकडे लहानपणीची तेवढी उरली.

“आम्ही भेटायला गेलो,” वसुधाताई सांगत होत्या. “ती पलंगावर. ह्यांचा हात धरून बोलालीय, बोलालीय. आणि हे माझ्याकडं बघालेत. म्हणजे मला काय कळणार होतं? पण माणूस बुडताना कुणाकडं पण बघतंय बग, तसं. मग त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी ती नुसती फिरवत बसले. पन्नाशीचा माणूस. आई काय म्हणतीय ते नर्सला विचारायला लागलं त्यांना.”

हॅम्बर्गला आल्यावर वसुधाताईंनी संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. आधी दोघांचं घातलं होतं. डोनलचा वर्ग फार दिवस टिकला नाही. तो का टिकला नाही तेही मला माहीत आहे, कारण वसुधाताई तो प्रसंग कधी हसून सांगायच्या आणि कधी तो सांगताना त्यांचा चेहरा उतरायचा.

वर्गात पहिलाच धडा आपण कोण, कुठले हे सांगण्याचा. आयरिशमध्ये ‘आहे’ दोन प्रकारचं. एक येणारं-जाणारं ‘आहे’: मी थकलेली आहे, मी हॅम्बर्गमध्ये आहे. ते ‘ता’. आणि दुसरं, माणूस मुळात जे असतं ते सांगणारं, ते ‘इस’. आपण कुठल्या देशाचे हे दुसऱ्या प्रकाराने सांगायचं. इस इंदियख मे: मी भारतीय आहे. शेवटचा ख घशातून. तर डोनल स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून गृहपाठ करत होते आणि मोठ्याने म्हणाले, “ता मे एरनख.” मी आयरिश आहे. वसुधाताई कणीक मळत होत्या. त्या सहज म्हणाल्या, “ता न्हवं, इस. इस एरनख मे.”

डोनलनी वही मिटली. मग उठले, कोट घातला आणि बाहेर फिरायला गेले. मी आयरिश आहे हे कसं म्हणायचं ते त्यांना जयसिंगपूरच्या बायकोने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गाला बसले नाहीत.

“मी गप बसायला पायजे होतो,” त्या म्हणायच्या. पण गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. किंवा तसं मला तेव्हा वाटायचं. माझं जर्मन कच्चं होतं, मी दुकानात, ऑफिसात तोंड उघडायला बिचकायचे, तर त्या मला ढकलायच्या. “चुकलं तर चुकू दे. तोंड बंद करायचं नाही.” हे त्यांचं पालुपद होतं. कँटीनमध्ये मला पुढे करायच्या आणि स्वतः मागे उभ्या राहून “गेनाऊ! गेनाऊ!”, बरोबर, बरोबर, म्हणत राहायच्या, मी चुकले तरीही.

वर्ग सुरू केला त्या वर्षाच्या सुट्टीत त्या पुन्हा मॅमोकडे गेल्या. म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं, ओळखलं नाही, आणि विचारलं, “के अस हू?” तू कुठली?

“इस इंदियख मे,” वसुधाताई म्हणाल्या.

मॅमोने पलंगावरून हात लांबवला आणि त्यांची हनुवटी धरली. मग दिसेल त्याला, नर्सला, डॉक्टरांना, खिडकी पुसायला आलेल्या माणसाला, ती सांगत सुटली की ही बघा, ही आमची इंदियख. खोलीत ज्याच्याशी बोलता येईल असं घरचं एक माणूस तिला मिळालं होतं, आणि ते समुद्रापलीकडून आलेलं होतं. डोनल दाराशी उभे होते. वसुधाताई मला म्हणाल्या, “आईला आनंद झाला म्हणून त्यांना बरं वाटलं असणार. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही त्या दिवशी.”

उंदराची गोष्ट पुढच्या वर्षीची. मॅमोला काही महिने बरं होतं म्हणून तिला तिच्या घरी आणलं होतं, सोबत वसुधाताई आणि मुलगी मीरा. एक दिवस मॅमो म्हणाली, सिंकच्या खाली एक फ्रांकख बसलाय. फ्रांकख म्हणजे फ्रेंच माणूस, हे वसुधाताईंना पाठ होतं. त्यांना वाटलं, जुनी काही आठवण निघाली असणार. म्हातारीच्या मनाला धक्का लागू नये म्हणून त्या प्रेमाने म्हणाल्या, असू दे, बसू दे त्याला, जेवायला बोलवू या काय? मॅमोने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की बस. तेवढ्यात सिंकखालून मांजराएवढी घूस पळाली. आयरिशमध्ये मोठ्या उंदराला तोच शब्द, फक्त लिहिताना रोमन लिपीतलं पहिलं अक्षर लहान. बोलताना लहान-मोठं कुठं कळतंय! “मीरा अशी किंचाळली, आणि म्हातारी अशी हसली! डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. घुशीला जेवायला बोलावणारी सून!” हे सांगताना वसुधाताईंच्या हातातला डबा हिंदकळून शेंगदाणे डेकवर सांडले होते.

मीरा आजीशी आयरिश बोलायची. लहान होती, कान चांगला होता, आईबरोबर बोलून बोलून तिला ते येऊन गेलं. शाळेत जर्मन, वडिलांशी इंग्रजी, आजीशी आयरिश. वसुधाताईंना त्याचा फार अभिमान होता. आणि त्या अभिमानात त्या मॅमोला नावंही ठेवायच्या. “स्वतःच्या पोराशी स्वतःच्या भाषेत बोलली नाही. कसं जमतंय गं माणसाला? आईच्या जातीला?”

एकदा मी विचारलं, “ताई, ही भाषा तुम्हाला इतकी कशी आवडली?”

त्यांनी डबा मिटला. मग म्हणाल्या, “आल्झो, असं बग, एक सांगू? हितं जर्मनमध्ये मी इंडेरिन. बाई आहेस तर शेवटी ‘इन’ लावायलाच पायजे. आपल्यात पण तसंच, बाई असलीस तर ‘मी आलेली आहे’ म्हण, ‘गेलेली आहे’ म्हण. आयरिशमध्ये इंदियख हा शब्दच पुल्लिंगी. बाई असो, बाप्या असो. बाईनं ‘इस इंदियख मे’ म्हटलं तर कोण हसत नाही.”

कोण हसलं होतं, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या आई, आक्का, जयसिंगपूरहून आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण तुरतुरीत. इरकली साडीवर डोनलचं जॅकेट घालून त्या बाल्कनीत बसायच्या आणि खालून जाणाऱ्या सायकली मोजायच्या. मला त्यांनी पहिल्याच दिवशी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि विचारलं, “पुण्यात तुमच्याकडं चटणीत साखर घालत्यात म्हणं, खरं काय?” मी दोन-तीनदा त्यांच्याकडे जेवायला गेले. जेवताना आक्का मीराच्या ताटात वाढायच्या, तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, काहीबाही बोलायच्या. मीरा हसायची आणि मान हलवायची. मला वाटलं, बुजरी आहे.

सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. चर्चशेजारचा भाड्याचा हॉल, स्टीलच्या डब्यांतून आणलेले मोदक, माइक मध्येच शिट्टी मारणारा. मंडळाने वसुधाताईंना बोलायला सांगितलं होतं. त्यांची गोष्ट माझ्याकडून कळली होती लोकांना. त्या मंडळात फारशा कधी यायच्या नाहीत, पण ह्या वेळी तयार झाल्या. पहिल्या रांगेत आक्का, डोनल, आणि खास परकर-पोलकं घातलेली मीरा.

वसुधाताई माइकवर जपून बोलत होत्या. प्रत्येक ‘मी’नंतर त्या किंचित अडखळत होत्या. ‘मी... शिकले’, ‘मी... गेले’. फेरीवरची बाई मला त्यांच्यात सापडेना. पण गोष्ट त्यांनी सांगितली: मॅमोची, डोनलच्या टोपीची, एका पिढीच्या गप्प बसण्याने भाषा कशी घरातून उठून जाते त्याची. मग मीराला पुढे बोलावलं. मीराने स्वच्छ आवाजात देशोदेशीच्या माणसांची आयरिश नावं म्हणून दाखवली. एक आणि अनेक, एक आणि अनेक. ग्यारमानख, ग्यारमानी, म्हणजे जर्मन. सासनख, सासनी, म्हणजे इंग्रज. शेवटी, ‘भारतीय लोक’ ह्यासाठी तिने ‘न हिंदियी’ म्हटलं आणि ते अगदी ‘हिंदी’सारखं ऐकू आलं, तेव्हा हॉलभर हशा आणि टाळ्या. वसुधाताईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मोकळं हसू आलं. शेवटचं वाक्य त्यांनी घाईने, न अडखळता म्हटलं. आईनं पोराला आपली भाषा दिली नाही तर ती पोराला अर्धी आईच देते, असं काहीसं ते वाक्य होतं. पुन्हा टाळ्या.

मोदकांच्या रांगेत मंडळातल्या एक बाई आक्कांजवळ आल्या. चांगल्या मनानेच आल्या, मी शेजारीच होते. म्हणाल्या, “किती हुशार आहे हो नात! आणि आजीशी मराठीत गप्पा मारत असेल नुसत्या!”

आक्कांनी वसुधाताईंकडे बघितलं नाही. “व्हय तर,” त्या म्हणाल्या. “सकाळ-संध्याकाळ टकळी चालूच असती. मलाच ऐकायला कान पुरंना झालेत.”

“हो का गं, मीरा?” बाई खाली वाकल्या. “आजीने काय काय गोष्टी सांगितल्या, सांग बघू मला.”

मीराने त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि तिच्या नेहमीच्या स्वच्छ आवाजात विचारलं, “मामा, वास हाट झी गेझाग्ट?” आई, ह्या काय म्हणाल्या?

वसुधाताईंच्या हातात कागदी डिश होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. बाईंना कळलं आणि त्याही ओशाळल्या. आक्का पटकन म्हणाल्या, “दमलीय पोर. दमली की तिला जर्मनच सुचतंय.” आणि मीराला जवळ ओढून तिच्या तोंडात मोदक घातला.

डोनलना शब्द कळले नसतील, पण काय घडलं ते त्यांच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच कळलं नसेल. ते बायकोजवळ येऊन उभे राहिले. वसुधाताईंनी मान वर केली नाही.

सोमवारी फेरीत त्या नेहमीसारख्या वर उभ्या होत्या, पण पुटपुटत नव्हत्या. त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला. मग त्या बोलायला लागल्या.

“आक्का उभ्या जन्मात खोटं बोलली नाही बग. बाजारात भाव करताना पण नाही. माझ्यासाठी बोलली, एवढ्या लोकांत. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘जाऊ दे की, भात लाव.’ बस.”

मग त्यांनी सांगितलं. मीरा दोन वर्षांची असताना त्या मंडळाच्या दिवाळीला गेल्या होत्या. मुलीला कडेवर घेऊन म्हणत होत्या, ‘थांब हं, मी येतो, मी तुला खाऊ आणतो.’ तिथे चार बायका होत्या. एक जण हसून म्हणाली, ‘अहो, येतो काय? बाबा आहात का तुम्ही? मुलगी असंच मराठी शिकली तर कसं व्हायचं!’ सगळ्या हसल्या. वसुधाताईही हसल्या. घरी येऊन त्यांनी ठरवलं की मुलीशी नीट बोलायचं, पुस्तकातल्यासारखं. पण ‘येते’ म्हणायला जीभ वळायची नाही. वाक्य सुरू करायच्या, मध्ये थांबून तपासायच्या, तोवर मूल दुसरीकडे पळालेलं असायचं. जर्मनमध्ये तसा त्रास नव्हता. ते परकंच होतं, चुकलं तर चुकलं. हळूहळू मराठी आक्कांच्या फोनपुरतं राहिलं, आणि तेही मीरा झोपल्यावर.

“मी ठरवून नाही केलो गं. लाजलो. आणि लाजेनं गप बसलो, एवढंच. आणि वर माइकवर जाऊन दुसऱ्याच्या आईची गोष्ट सांगितलो.” नाकावरून त्यांनी हात फिरवला. “मॅमो पण लाजलीच असणार. शहरात तिला कोणतरी हसलं असणार. मी येवढं तिच्या उशाशी बसलो, येवढं बोललो तिच्याशी. हे कधी विचारलो नाही.”

त्यांनी ते विचारलं, पुढच्या भेटीत. आक्का तोवर परत गेल्या होत्या. मॅमोला पुन्हा दवाखान्यात ठेवलं होतं. वसुधाताईंनी तिला विचारलं, की डोनलशी तुम्ही आयरिश का बोलला नाहीत? म्हातारीने हळूहळू, दोन्ही कोपरांवर भार देत, कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. वसुधाताईंनी खूप वेळ तिच्या पाठीवर हात ठेवला. आयरिशमध्ये लाज ‘वाटत’ नाही, लाज माणसावर असते, अंगावर घोंगडं असावं तशी. माझ्यावरपण आहे, असं वसुधाताई तिला म्हणाल्या. मॅमो वळली नाही. मला हे सांगून वसुधाताईंनी एवढंच म्हटलं, “विचारायला नको होतो. मला हौस काय कमी होती तिला नावं ठेवायची, त्यात आणि ही विचारायची.”

त्या हिवाळ्यात त्यांनी मीराशी मराठी बोलायला सुरुवात केली, आपल्या जयसिंगपूरच्या मराठीत. मीरा आता अकरा वर्षांची. तिला तो नवा छळ वाटायचा. “मामा, रेड नॉर्माल,” ती म्हणायची, नीट बोल. दारं आपटायची. काही शब्द राहिले, पाणी, भूक, ये, आई, आज्जी. फोनवर आक्का बोलायच्या तेव्हा ती कान देऊन ऐकायची. उत्तर द्यायचं झालं की गोरीमोरी व्हायची. ‘हो’ म्हणायची. डोनल स्वयंपाकघरात जवळपास असायचे, पण ह्या वादात ते पडले नाहीत. एकदा मात्र त्यांनी मीराला बाहेर नेलं आणि नदीकाठी तासभर तिच्याशी बोलले. काय बोलले ते त्यांनी वसुधाताईंना सांगितलं नाही.

मार्चमध्ये मला वोल्फ्सबुर्गला नोकरी लागली. जायच्या आदल्या शनिवारी मी त्यांच्याकडे निरोपाला गेले. आक्का अंगणात पाय घसरून पडल्या होत्या आणि मिरजेच्या दवाखान्यात होत्या. मोडलं काही नव्हतं, दोन दिवसांत घरी सोडणार होते. कुणालाच काळजी वाटत नव्हती. पण आक्का त्याच रात्री गेल्या. ते मला वोल्फ्सबुर्गला गेल्यावर कळलं. वसुधाताईंना मी त्यानंतर फोनवर अनेकदा ऐकलं, पण पाहिलं नाही. पुढे ते सगळे मॅमोसाठी आयर्लंडला राहायला गेले. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या शनिवारच्या दुपारचं.

मला पत्ता माहीत होता तरी त्या मला घ्यायला स्टेशनपर्यंत आल्या होत्या. येताना बेकरीतून केक घेतला. फोन त्या घरीच विसरल्या होत्या. दार उघडलं तर मीरा दिवाणखान्यात जमिनीवर बसली होती, हातात आईचा फोन. ती म्हणाली, आज्जीने व्हिडिओ कॉल केला होता, मी घेतला.

“बरीये ना आक्का?” वसुधाताईंनी बूट काढता काढता विचारलं.

बरी होती. हसत होती. खूप वेळ बोलली.

“काय म्हणाली?”

मीराने खांदे उडवले.

वसुधाताईंनी तिथूनच परत फोन लावला. भाच्याने उचलला. तो म्हणाला, आक्का आत्ताच झोपली आहे, नर्सने गोळी दिली, उद्या सकाळी बोला. वसुधाताईंनी फोन खाली ठेवला आणि मीरासमोर जमिनीवर बसल्या. केकची पिशवी अजून मनगटाला लटकत होती.

“मीरा, आज्जी काय म्हणाली?” त्यांनी मराठीतच विचारलं, मग जर्मनमध्ये.

“वाइस इश निश्ट, मामा.” माहीत नाही. ती बोलत होती, मी हो म्हणत होते.

“नुसता आवाज सांग. जसा ऐकू आला तसा. एक शब्द.”

मीराने डोळे मिटले. तिचा कान चांगला होता, ते आम्हाला माहीत होतंच. जरा वेळाने ती म्हणाली, “तुज्या.” मग, “आईला.” हे खूपदा म्हणाली ती, आज्जी. तुज्या आईला. तुज्या आईला.

“तुज्या आईला काय?”

मीराने पुन्हा डोळे मिटले. ओठ हलले. पुढचं येईना. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि तिथवर पोचेपर्यंत आक्का दुसऱ्या वाक्यावर गेल्या असणार.

“तुज्या आईला सांग?” वसुधाताई म्हणाल्या.

मीराने डोळे उघडून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“हो,” ती म्हणाली.

“का तुज्या आईला विचार, असं?”

“हो.”

“का जप? तुज्या आईला जप?”

मी दाराशी उभी होते, कोटही काढला नव्हता. वसुधाताई दोन्ही हात जमिनीवर टेकून लेकीच्या तोंडाजवळ कान नेऊन बसल्या होत्या, आणि एकेक शब्द पुढे ठेवत होत्या. बोलू दे. समजून घे. रागावू नको. मीरा प्रत्येक शब्दाला, आईला बरं वाटावं म्हणून, हो म्हणत होती.